जुन्या खोडाला नवा साज

बेळगाव, शहापूर, निपाणी, संकेश्वर या आपल्या टापूत अशी जुनी घरे अजून पुष्कळ आहेत की ज्यांच्या माळ्यावर एखादा पखवाज, तबल्याची जोडी, निदान एखादा एकटा डग्गा तरी धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला असतो. शहापूर तर १९४८ पर्यंत सांगली संस्थानचेच गाव. पलीकडे कोल्हापूर, अलीकडे मिरज, सांगली, कुरुंदवाड. दरबारांची ये-जा या भागात होती, आणि दरबाराबरोबर गवई, बजवय्ये आणि त्यांची वाद्ये यांचीही होती. दरबार गेले, माणसेही गेली. वाद्ये मात्र भिंतीआड राहिली. घराची वाटणी होते किंवा कौले उतरवून स्लॅब घालावयाचा ठरतो, तेव्हा ती खाली येतात. मग कोणी तरी ती उचलून टिळकवाडीत माझ्या वर्गावर आणतो आणि विचारतो, ‘सर, हे पुन्हा बोलेल का?’

या प्रश्नाला ‘होय’ म्हणणे सोपे असते, कारण बहुधा ते खरेच असते. अवघड प्रश्न त्याच्या पुढचा आहे. नवे कातडे, नवी वादी, नवे गठ्ठे, नवी कडी घालून जे बोलेल ते आजोबांचेच वाद्य असेल, की आजोबांच्या वाद्याची नक्कल? या दुसऱ्या प्रश्नावर आमच्या घरात सव्वा वर्ष अबोला होता होता राहिला. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहावे असे वाटले.

प्रथम हे वाद्य म्हणजे काय काय, ते पाहू. पखवाजाचा मूळ देह म्हणजे खोड. खैर, शिसव, बिवळा अशा कठीण लाकडाचा ओंडका आतून कोरून ते करतात. मध्ये फुगीर, दोन्ही तोंडांना निमुळते, आणि डावे तोंड उजव्यापेक्षा मोठे. दोन्ही तोंडांवर बकऱ्याच्या कातड्याच्या पुड्या. पुडीच्या कडेला चाट, मध्ये मैदान, उजव्या पुडीच्या मध्यावर शाई. डाव्या बाजूला वाजवण्यापूर्वी कणीक लावावयाची आणि बैठक संपली की काढावयाची. पुडीभोवती कातडी पट्ट्यांचा विणलेला गजरा. गजऱ्यातून ओवलेली लांब वादी एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे फिरत जाते आणि सारे कातडे ताणून धरते. वादीखाली लाकडाचे आठ गठ्ठे. गठ्ठा सरकवला की स्वर चढतो किंवा उतरतो, आणि बारीक फरक हातोडीने गजऱ्यावर ठोकून काढतात. तबल्याचीही रचना हीच. फक्त तोंड एक, आणि डग्ग्याचे भांडे लाकडाऐवजी तांब्यापितळेचे किंवा मातीचे.

आता या प्रत्येक वस्तूचे आयुष्य निरनिराळे आहे, हे ध्यानात घ्यावे. रोज हात पडणाऱ्या पुडीचे आयुष्य फार तर महिन्यांत मोजावे. वादी काही वर्षे टिकते. मग ती वाळते, तिला चिरा पडतात आणि ऐन ओढताना तुटते. गठ्ठे दहा-वीस वर्षे चालतात, हरवले नाहीत तर. खोड मात्र, वाळवी लागली नाही आणि चीर गेली नाही, तर तीन पिढ्या सहज काढते. तेव्हा ज्याला आपण ‘जुना पखवाज’ म्हणतो त्याचे कातडे जुने असूच शकत नाही. वाईकडचे नाना पानसे गेल्या शतकाच्या मागल्या शतकात इंदूरला होळकरांच्या दरबारी पखवाज वाजवीत, तेव्हाही त्यांच्या वाद्याची पुडी बदलली जात होतीच. पुडी बदलली म्हणून वाद्य बदलले, असे कोणी म्हटले नाही. वाजते वाद्य हे असे नेहमी थोडे नवे आणि थोडे जुने असते.

मग त्यात जपावयाचे ते काय? माझ्या मते तीन गोष्टी. पहिली खोड आणि त्याच्या आतली पोकळी. दुसरी कातडे ताणण्याची रीत. तिसरी शाई घालणाऱ्याचा हात.

शाईची गोष्ट आधी सांगतो, कारण तिची थोरवी सांगणारा माणूस फार मोठा आहे. कोणतेही साधे ताणलेले कातडे ठोकले की त्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून बहुतेक ढोलांचा आवाज नाद असतो, स्वर नसतो. आपल्या मृदंगाची आणि तबल्याची गोष्ट वेगळी. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात ही गोष्ट जगापुढे मांडली आणि १९३४ साली तिचे सविस्तर विवेचन केले. मध्यावर घातलेल्या शाईच्या वजनामुळे कातड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशा पूर्णांकी नात्यात येऊन बसतात, म्हणजे तंतुवाद्याच्या तारेसारखे वागू लागतात. हे साधावयाचे तर लोखंडाची बारीक पूड आणि भाताची खळ यांचे थरावर थर द्यावे लागतात, प्रत्येक थर दगडाने घोटावा लागतो, आणि मध्ये जाड व कडेला पातळ असा त्याचा उतार बोटांनी ओळखावा लागतो. गणित रामन यांनी मागाहून मांडले. कारागिराच्या बोटांना ते पिढ्यान्‌पिढ्या येत होते.

आता आमच्या घरची हकीकत. अण्णा दक्षिणेतल्या एका लहान संस्थानाचे दरबारी पखवाजी. पंधरा-सोळाव्या वर्षी आजोबांच्या जागी वाड्यावर रुजू झाले, आणि पुढे दोनच वर्षांनी, ८ मार्च १९४८ रोजी, दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. दरबार संपला, पण वाड्यातल्या देवघराची सेवा संपली नाही. गोकुळअष्टमी, नवरात्र, रामनवमी यांना अण्णा अखेरपर्यंत जात आणि ‘दरबारी’ हे बिरुद कोणी गमतीने उच्चारले तरी खाली मान घालून स्वीकारीत. मी त्यांचे शेंडेफळ. त्यांच्या पन्नाशीत जन्मलो. माझ्या वाट्याला दरबार आला नाही, पण पखवाज आला. खैराचे खोड, हाताळून हाताळून काळेभोर झालेले. अण्णा गेल्यावर तो अकरा वर्षे खुंटीखाली तसाच होता. डावी पुडी फाटलेली, वादी लाकडासारखी ताठ, आठांपैकी दोन गठ्ठे नाहीत आणि उजव्या तोंडापाशी बोटभर चीर.

मला तो वाजता करावयाचा होता. आक्काला तो आहे तसा काचेच्या कपाटात ठेवावयाचा होता. ती माझ्याहून वीस वर्षांनी मोठी. अण्णांचा रियाज तिने ऐकला तेवढा मी ऐकलेला नाही. ती म्हणाली, “या वादीला अण्णांच्या हाताचा घाम लागलाय. ती काढून तू बाजारची नवी वादी घालणार, आणि वर अण्णांचा पखवाज म्हणून मिरवणार?” मी म्हणालो, “आक्का, न वाजणारा पखवाज अण्णांनी एक दिवस तरी घरात ठेवला असता का?” दोघांचेही म्हणणे खरे होते, म्हणून भांडण मिटेना. सव्वा वर्ष पखवाज तिथेच राहिला. आम्ही एकमेकांकडे जात होतो, पण त्या खोलीत बसत नव्हतो.

या दिवसांत मी पुष्कळ कारागिरांशी बोललो. पहिला सल्ला मिळाला तो नट-बोल्टचा. गजऱ्याच्या जागी लोखंडी कडे, वादीच्या जागी आकड्याच्या सळया, आणि पान्याने आवळले की काम झाले. या सल्ल्याला मी नाक मुरडणार नाही. आज ढोलकी आणि भजनी मंडळांचे पखवाज मोठ्या संख्येने असेच असतात, आणि त्याला कारण आहे. पावसाळी हवेत कातडे सैल पडते. दिंडीत चालताना किंवा फडावर एका लावणीतून दुसरीत जाताना हातोडी घेऊन आठ गठ्ठे ठोकत बसावयास सवड कुठली? पान्याच्या दोन वेढ्यांत स्वर जागेवर येतो. गरिबाच्या भजनी मंडळाला दर वेळी वादी ओढून देणारा कारागीरही जवळ नसतो. ज्याने ही युक्ती काढली त्याने हजारो मंडळांची सोय केली.

तरीही जुन्या खोडावर तो साज चढवावा असे मला वाटले नाही. कारण सांगतो. वादी ही एक लांब, सलग पट्टी असते. एके ठिकाणी ताण वाढला की तो हळूहळू सरकत शेजारच्या घरांत वाटला जातो; म्हणून पुडीच्या सोळा घरांत स्वर एकजीव होतो. सळयांचे तसे नाही. प्रत्येक सळई स्वतंत्र. एकीचा ताण दुसरीला कळत नाही. हात सराईत नसेल तर एका बाजूला स्वर चढा आणि दुसऱ्या बाजूला उतरता राहतो. शिवाय लोखंडी कड्याचा दाब लाकडाच्या काठावर बसतो, आणि ज्या काठाला आधीच चीर आहे त्याला तो सोसत नाही. वजन वाढते ते वेगळेच. नव्या खोडाला या गोष्टी चालतात, कारण ते त्याच हिशेबाने केलेले असते. जुने खोड वादीच्या हिशेबाने कोरलेले आहे. त्याला वादीच हवी.

म्हणून ठरले की नवा साज घालावयाचा, पण जुन्या घाटाचा. उरलेले सहा गठ्ठे नमुना म्हणून सुताराकडे नेले. त्याने त्याच मापाचे, त्याच फुगवट्याचे दोन नवे गठ्ठे शिसवीचे उतरवून दिले. तो विचारीत होता, ‘जुन्यासारखा काळा रंग देऊ का?’ मी नको म्हणालो. नवे गठ्ठे नवे दिसू देत. पाहणाऱ्याला कळावे की आठांत सहा अण्णांच्या वेळचे आणि दोन आमच्या. चिरेत लाकडाचा भुसा आणि सरस भरून ती बंद केली. आतून खोड खरवडू दिले नाही. खोडाच्या आतली भिंत खरवडली की आवाज मोकळा होतो, असे काही जण सांगतात. पण एकदा काढलेले लाकूड परत लावता येत नाही, आणि पोकळीचा आकार गेला की त्या वाद्याची ओळखच गेली.

आक्काचा प्रश्न सुटला तो जुन्या वादीने. मी म्हणालो, वादी, फाटकी पुडी, गजरा, काही टाकावयाचे नाही. सगळे उतरवून, वाळवून, अण्णांच्याच उपरण्यात बांधून तुझ्या कपाटात ठेवू. खोड माझ्याकडे वाजेल, साज तुझ्याकडे राहील. ती काही बोलली नाही. पण वादी उतरवण्याच्या दिवशी स्वतः आली, आणि कारागीर ती कापू लागला तेव्हा “कापू नका, सोडवा,” एवढेच म्हणाली. ताठ झालेली वादी घराघरांतून सोडवून काढावयास त्या भल्या माणसाला अर्धा दिवस लागला. त्याने त्याची वेगळी मजुरी घेतली नाही. आज ती वादी आक्काकडे आहे आणि पखवाज माझ्याकडे वाजतो.

डग्ग्याच्या बाबतीत हाच विवेक धातूला लावावा लागतो. जुने तांब्याचे डग्गे हाताने ठोकून घडवलेले असत. पुण्याच्या तांबट आळीत पेशवाईपासून चालत आलेले जे मठारकाम आहे, म्हणजे हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी तांब्याला घाट आणि बळकटी देण्याचे काम, तेच तत्त्व या भांड्यांना लागू आहे. ठोक्यांनी पत्रा कठीण होतो आणि भांड्याला खोल, घुमारदार आवाज येतो. आज बाजारात मिळणारी चकचकीत मुलाम्याची भांडी पुष्कळदा पातळ पत्र्याची असतात. जुने भांडे पोचले असेल तर आतून ठोकून पोचा काढता येतो. भेग असेल तर डाक लावता येतो. पण केवळ चमक नाही म्हणून ते मोडीत देऊन नवे आणणे हा तोट्याचा व्यवहार आहे. मोडीत तांब्याचे वजन तेवढे मोजले जाते, आवाजाचे नाही.

हा प्रश्न आपल्याच वाद्यांचा आहे असे नाही. पाश्चात्त्य ड्रमच्या दुनियेत तो आज फार गाजतो. १९६४ साली बीटल्स मंडळीतला रिंगो स्टार अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर शिकागोच्या लुडविग कंपनीच्या ड्रमवर वाजवताना दिसला आणि तशा ड्रमांना एकाएकी प्रचंड मागणी आली. त्या काळचे ते ड्रम आता हौशी लोक जपून ठेवतात. त्यांची लाकडी नळी टिकते. पण सळया धरून ठेवणारे जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे खोबणीचे तुकडे तडकतात, मुलामा उडतो, सळया गंजतात. मूळ कारखान्याचे भाग मिळत नाहीत. तेव्हा जुन्या भागावरून साचा काढून हुबेहूब नवे भाग ओतणारे कारागीर तिकडे निर्माण झाले आहेत. आणि तिथेही तोच वाद आहे: हुबेहूब भाग बसवलेला ड्रम ‘अस्सल’ म्हणून विकावा का? त्यातल्या जाणत्या लोकांनी काही रिती पाळल्या आहेत. नळीला नवे भोक पाडू नये. जुना भाग फेकू नये. नवा भाग नवा म्हणून सांगावा. या तिन्ही रिती आपल्या पखवाजाला जशाच्या तशा लागू पडतात.

आपल्याकडेही हे ड्रम होतेच. संस्थानांचे बँड होते, आणि बेळगावात तर मराठा पलटणीचे केंद्र १९२२ पासून आहे. इथल्या एका घरात संस्थानी बँडमधल्या पूर्वजाचा इंग्लंडच्या प्रीमियर कंपनीचा साइड ड्रम आहे. त्याला बाजारातले नवे पटल आणले ते बसेना. पोरे म्हणाली, नळी थोडी घासून घेऊ. मी थांबवले. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत या कंपनीच्या नळ्यांचे माप पुढे रूढ झालेल्या आंतरराष्ट्रीय मापाहून किंचित मोठे असे. दोष नळीचा नव्हता, मापाच्या इतिहासाचा होता. जुन्या कड्यावर कातडे चढवून घेतल्यावर तो ड्रम वाजला. रेमो बेली यांनी १९५७ साली प्लॅस्टिकच्या पडद्याचे पटल बाजारात आणले त्यापूर्वी बहुतेक ठिकाणी कातडेच होते. ते चढवणारा माणूस आपल्या गावात अजून आहे, हे त्या घराचे भाग्य.

आणि येथेच या साऱ्या विषयाचे मर्म आहे. नवा साज करणारा माणूस राहिला तरच जुने खोड राहील. मिरजेचे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. शस्त्रांना धार लावणारे शिकलगार तिथे एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले, फरीदसाहेबांचे नाव झाले, आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याचा भोपळा कोणी घडवला ते नाव पट्टीवर कोरलेले असते. तबला-पखवाज मढवणाऱ्याचे नाव मात्र क्वचितच कोठे लिहिलेले सापडते. कातड्याला हात लावणारे हे हात समाजाने दूर ठेवले, आणि त्याच हातांनी मढवलेल्या वाद्याला गंध-फूल वाहिले. दक्षिणेतल्या मृदंग घडवणाऱ्यांविषयी टी. एम. कृष्ण यांनी ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ हे पुस्तक २०२० साली लिहिले ते याच विस्मरणाविरुद्ध. तशा पुस्तकाची उणीव मराठीतही आहे. अण्णांच्या पखवाजाला गेल्या सत्तर वर्षांत किती जणांनी पुड्या घातल्या असतील? आम्हाला त्यातल्या एकाचे नाव माहीत आहे. आमचा वादी ओढणारा कारागीर म्हणतो की त्याचा मुलगा मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात नोकरीला लागला आहे आणि तिथे महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो. त्या मुलाला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? पुडीच्या दरात दहा-वीस रुपयांची घासाघीस करणारे आपणच असतो.

म्हणून ज्यांच्या घरी असे वाद्य असेल त्यांना काही व्यवहाराच्या गोष्टी सुचवतो. वाद्य ओलसर भिंतीला लावून ठेवू नका. पावसाळ्यात अधूनमधून उघडून हवा द्या, पण कडक उन्हात ठेवू नका, लाकूड तडकते. पखवाजाची कणीक वाजवून झाल्यावर काढा. राहिली तर तिला उंदीर आणि किडे लागतात. शाईला पाणी किंवा तेल कधीही लावू नका. खोडाला चकचकीत व्हार्निश देऊ नका. कोरड्या फडक्याने पुसणे पुरेसे आहे. दुरुस्तीला देण्यापूर्वी चारी बाजूंनी छायाचित्रे काढा, आणि काढलेला प्रत्येक भाग परत मागून घ्या. आणि एका कागदावर तारीख, काय बदलले आणि कोणी बदलले, हे लिहून तो कागद वाद्याच्या खोळीत ठेवा. त्यात कारागिराचे पूर्ण नाव असू द्या. तुमच्या नातवाला ते खोड कोणी कोरले हे कदाचित कळणार नाही. पण तुमच्या हयातीत त्याला कोणी पुन्हा बोलते केले, एवढे तरी कळेल.

वाद्य विकावयाचे असेल तर नव्या साजासह ‘नवा साज’ म्हणूनच विका. अलीकडे जुनी खोडे उपाहारगृहांच्या शोभेसाठी घेणारे लोक गावोगाव फिरतात. ते पैसे बरे देतात, पण त्यांच्याकडे गेलेल्या खोडाला पुढे कातडे लागत नाही, दिवा लागतो. त्यापेक्षा गल्लीतल्या एखाद्या शिकणाऱ्या पोराला ते वाजवावयास द्या. मढवण्याचा खर्च वर्गणीने निघतो. आमच्या वर्गात दोन जोड्या अशाच उभ्या राहिल्या आहेत, आणि त्यांच्यावर सध्या पाच मुले आणि तीन मुली चौतालाचा ठेका गिरवीत आहेत. त्यांच्यापैकी एखाद्या मुलाने तरी वादी ओढावयास शिकावे, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आमच्या कारागिराला वर्गावर चार दिवस बोलावले आहे. त्याची मजुरी आधीच ठरवून दिली आहे. ज्यांना आपले माळ्यावरचे वाद्य त्या चार दिवसांत दाखवावयाचे असेल त्यांनी जरूर आणावे.